आवाजासोबत चिठ्ठी पण जपा: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या सगळ्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीला, आणि दर रविवारी मराठी शाळा चालवणाऱ्या ताई-दादांना,

सप्रेम नमस्कार.

गणपतीची तयारी सुरू झाली असेल, हॉलचं बुकिंग, ढोलताशाची प्रॅक्टिस, मोदक कोण किती करणार त्याची यादी, या गडबडीत लांबलचक पत्र वाचायला कोणाला वेळ नसणार हे माहितीये, तरी आत्ताच लिहितेय. कारण उन्हाळ्यात आपल्या घरोघरी आई-बाबा, सासू-सासरे, कोणाची आजी आलेली असते आणि थंडी पडायच्या आत ती मंडळी परत जातात. मला त्यांच्या गाण्यांबद्दल बोलायचंय, आणि त्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगसोबत कोणी, कुठलं, कसं म्हटलं हे लिहून ठेवायच्या चिठ्ठीबद्दल. पण आधी अमेरिकन गाण्यांबद्दल बोलते, कारण या बाबतीत मला जे काही कळलंय ते तिकडूनच कळलंय.

'कुंबाया' हे गाणं आपल्या पोरांनी समर कॅम्पमध्ये कधी ना कधी म्हटलेलं असतंच. मी कित्येक वर्षं ते आफ्रिकेतून आलंय असंच समजत होते, तशीच गोष्ट सगळीकडे सांगितली जायची. दुसरीकडे एका गोऱ्या धर्मप्रचारकाचा दावा होता की हे गाणं मीच १९३६ साली लिहिलं. खरं काय ते एका मेणाच्या नळकांड्यात भरून ठेवलेलं होतं, त्या काळी आवाज अशा नळकांड्यांवर कोरून ठेवायचे. १९२६ साली जॉर्जियाच्या किनाऱ्यावर डेरियन गावाच्या आसपास रॉबर्ट विन्स्लो गॉर्डन नावाचा माणूस फोनोग्राफ, म्हणजे आवाज टिपायचं जुनं मशिन, घेऊन फिरत होता, त्याच्यासमोर एच. वायली नावाच्या माणसाने 'कम बाय हिअर' म्हटलं, म्हणजे देवा इकडे ये, आमच्यापाशी ये. त्या किनाऱ्यावरच्या काळ्या लोकांच्या बोलीत आणि पुढे तोंडोतोंडी त्याचंच कुंबाया झालं. ते रेकॉर्डिंग आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमुळे, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयामुळे, कोणालाही ऐकता येतं. मी एकदा रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून ऐकलं, नुसती घरघर, आणि त्या घरघरीच्या मागे खोल विहिरीतून यावा तसा एक माणूस देवाला हाका मारतोय. अंगावर काटा आला.

पण मला जास्त भिडली ती पुढची गोष्ट. त्याच १९२६ साली नॉर्थ कॅरोलिनात अलायन्स नावाच्या खेड्यात ज्युलियन बॉइड नावाचा तरुण मास्तर आपल्या विद्यार्थ्यांना घरची, शेजारपाजारची जुनी गाणी लिहून आणायला सांगायचा. त्यातल्या एका कागदावर मिनी ली या बाईंकडून मिळालेलं याच गाण्याचं एक रूप आहे. बॉइडने ते सगळं गॉर्डनला पाठवून दिलं आणि गॉर्डनने ते जपलं. म्हणजे बघा, एकाच वर्षी दोन वेगळ्या राज्यांत, एकीकडे आवाज आणि दुसरीकडे शाळेच्या पोरांनी गोळा केलेला कागद, आणि दोन्ही एकाच माणसाकडे पोचले म्हणून त्या गाण्याचे खरे मालक कोण ते आज सांगता येतं. नुसतं नळकांडं असतं तर कोणी म्हटलं असतं की असेल एखाद्या माणसाचं एखादं गाणं. नुसता कागद असता तर चाल कुठून कळली असती?

हा गॉर्डन खरं तर कॅलिफोर्नियात बर्कलीला इंग्रजी शिकवायचा आणि फावल्या वेळात बंदरावर जाऊन खलाशांची गाणी गोळा करायचा. १९२३ पासून त्याने 'ॲडव्हेंचर' नावाच्या मासिकात एक सदर चालवलं. मासिक अगदी साधं होतं, चार घटका करमणूक म्हणून लोक विकत घ्यायचे तसलं. सदरात तो काय करायचा, तर वाचकांना विचारायचा की हे गाणं कोणाला येतं का, याच्या पुढच्या ओळी कोणाला आठवतात का. आणि खलाशी, लाकूडतोडे, रेल्वेवाले, असे लोक त्याला पत्रं लिहायचे, माझा बाप असं म्हणायचा, आमच्या कॅम्पमध्ये तिसरं कडवं वेगळं होतं, वगैरे. जवळपास ४,००० पत्रं आली त्याला, चार वर्षांत! प्रोफेसर लोकांना हे साधं मासिक वाचणाऱ्यांशी लिहिणं-बोलणं कमीपणाचं वाटायचं त्या काळात हे चाललं होतं. १९२८ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसने अमेरिकन लोकगीतांचं अर्काइव्ह सुरू केलं तेव्हा पहिला प्रमुख म्हणून त्यालाच घेतलं. पैसे बाहेरच्या देणग्यांतून यायचे, ते आटले, वरिष्ठांशीही पटेना, १९३२ मध्ये त्याला बाहेर पडावं लागलं. माणूस गेला, पण नळकांडी आणि पत्रं तिथेच राहिली. मला तर असं वाटतं की त्या अर्काइव्हचा पाया त्या पत्रांनी घातला, मशिननी नाही.

गॉर्डननंतर आले जॉन लोमॅक्स. यांनीही १९१० च्या आपल्या काउबॉय गाण्यांच्या पुस्तकासाठी वर्तमानपत्रांना पत्रं पाठवून लोकांकडून गाणी मागवली होती. १९३३ साली वयाच्या ६५ व्या वर्षी ते १८ वर्षांच्या मुलाला, ॲलनला, बरोबर घेऊन दक्षिणेत निघाले, फोर्ड गाडीच्या मागच्या बाजूला ३१५ पौंडांचं म्हणजे जवळपास १४० किलोचं रेकॉर्डिंग मशिन, आणि ही जोडी शेतमळे, लाकूडतोड्यांचे कॅम्प, आणि मुख्य म्हणजे तुरुंग अशा ठिकाणी फिरली. तुरुंग का, तर त्यांना वाटायचं की रेडिओ आणि बाहेरच्या गाण्यांपासून लांब राहिलेली जुनी गाणी तिथे मिळतील. मिळाली पण. लुईझियानातल्या अँगोला तुरुंगात त्यांना लेडबेली भेटला, बारा तारांची गिटार वाजवणारा, केवढा मोठा कलाकार.

इथे थांबून एक गोष्ट बोलायलाच हवी. त्या तुरुंगातले गाणारे बहुतेक काळे होते, हातात कुऱ्हाड नाहीतर कुदळ, बाजूला पहारेकरी, आणि समोर गोरा साहेब सरकारी मशिन घेऊन उभा. 'नाही, मी नाही गाणार' म्हणायची मुभा त्यांना किती असेल? ती रेकॉर्डिंग्ज मी जीव लावून ऐकते, पण हा प्रश्न मनातून जात नाही आणि जाऊही नये. लेडबेलीबद्दल पुढे दंतकथा पसरली की त्याने लुईझियानाच्या गव्हर्नरसाठी गाणं म्हटलं आणि त्या गाण्यामुळे तो सुटला. ऐकायला छान वाटतं. पण नंतर तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं पत्र आलं, त्यात स्पष्ट होतं की माफी वगैरे काही नव्हती, चांगल्या वागणुकीची सूट धरून जशी इतरांची सुटका होते तशीच त्याची झाली. गाण्याची रेकॉर्ड आपल्याला हे कधीच सांगू शकली नसती, ते सांगितलं एका कोरड्या ऑफिशियल पत्राने.

आता जेम्स कार्टरची गोष्ट. १९५९ साली ॲलन लोमॅक्सने मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात लाकडं तोडताना गाणाऱ्या कैद्यांचं रेकॉर्डिंग केलं, कुऱ्हाडीच्या घावावर ताल धरलेला, पुढे म्हणणारा होता जेम्स कार्टर. चाळीस वर्षांनी, २००० साली, तेच गाणं हॉलिवूडच्या एका सिनेमात अगदी सुरुवातीला वाजलं, साउंडट्रॅकच्या लाखो प्रती खपल्या, २००२ मध्ये त्या अल्बमला ग्रॅमीतलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. आणि गाणारा कुठे होता? लोमॅक्सचं अर्काइव्ह सांभाळणारे लोक आणि फ्लोरिडातला एक पत्रकार मागे लागले, जुनी रेकॉर्ड्स उपसली, आणि तो शिकागोत सापडला, ७६ वर्षांचा. आपण ते गाणं म्हटलं होतं हेच त्याला आठवत नव्हतं. त्याच्या हातात २० हजार डॉलरचा चेक देण्यात आला. पुढच्याच वर्षी तो वारला. विचार करा, १९५९ मध्ये त्या टेपसोबत 'जेम्स कार्टर' एवढे दोन शब्द कोणी लिहून ठेवले नसते, नुसतं 'कैदी, मिसिसिपी' लिहिलं असतं, तर?

नाव लिहूनही सगळं होतं असं नाही म्हणा. १९३७ साली केंटकीत मिडल्सबरो गावात ॲलन लोमॅक्सने जॉर्जिया टर्नर नावाच्या १६ वर्षांच्या मुलीचं 'रायझिंग सन' गाणं रेकॉर्ड केलं, खाणकामगाराची मुलगी. १९६४ मध्ये एका ब्रिटिश बँडने ते गाणं जगभर गाजवलं, तेव्हा ती जिवंत होती, आणि तिच्यापर्यंत पैसे पोचले ते अगदीच किरकोळ. म्हणून मी म्हणते की चिठ्ठीवर नावासोबत परवानगी पण लिहायची, कोणी काय करायचं, कुठे वाजवायचं, कोणाला विचारायचं.

परवानगीचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात जुन्या रेकॉर्डिंगचं सांगते. मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स नावाच्या संशोधकाने मेन राज्यात कॅलस गावी पासामाक्वोडी आदिवासींची गाणी आणि गोष्टी मेणाच्या नळकांड्यांवर घेतल्या, प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन केलेलं जगातलं पहिलं रेकॉर्डिंग म्हणतात ते हेच. मग ती नळकांडी म्युझियममध्ये गेली आणि ज्यांची गाणी त्यांनाच पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आली नाहीत. १९७९ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या अमेरिकन फोकलाइफ सेंटरने अशी हजारो नळकांडी टेपवर उतरवून त्या त्या जमातींना प्रती परत द्यायला सुरुवात केली. आणि अलीकडे तर पासामाक्वोडी लोकांनीच बसून ठरवलं की कोणत्या गाण्याला काय नाव, कोणतं सगळ्यांनी ऐकलं तर चालेल आणि कोणतं नाही, आणि लायब्ररीच्या नोंदीत आता त्यांचे शब्द त्यांच्या भाषेत आहेत. १८९० मध्ये अर्धवट राहिलेली चिठ्ठी त्यांनी सव्वाशे वर्षांनी स्वतःच्या हाताने पूर्ण केली.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकन गाण्यांचं झालं, आपलं काय? तर त्यासाठी सिडनी रॉबर्टसन कॉवेल या बाईंना भेटा. नाव पुरुषी वाटतं पण बाई होत्या. १९३८ ते ४० या काळात, मंदीत बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून, त्यांनी उत्तर कॅलिफोर्नियात लोकसंगीत गोळा केलं, ३५ तास, १८५ गाणारे-वाजवणारे आणि तब्बल १२ भाषा. आर्मेनियन, क्रोएशियन, फिनिश, हंगेरियन, आइसलँडिक, अशी जी माणसं बोटीने येऊन इथे राहिली त्यांची गाणी बाईंनी अमेरिकेचीच म्हणून जमा केली, वाद्यांचे फोटो काढले, मापं घेऊन ड्रॉइंग करून घेतली, कोणाच्या स्वयंपाकघरात कसं गाणं झालं ते पण टिपून ठेवलं. फ्रेझ्नोमधल्या आर्मेनियन माणसाचं गाणं जर अमेरिकन लोकगीतांच्या अर्काइव्हमध्ये बसतं, तर न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या किचनमध्ये म्हटलेली ओवी का नाही बसणार?

आणि एडिसनचं नाव मी उगाच घेत नाहीये. फोनोग्राफ पहिल्यांदा बोलला तो १८७७ साली मेन्लो पार्कमध्ये, आणि ते मेन्लो पार्क आपल्या याच एडिसन टाउनशिपमध्ये येतं, जिथे आज ओक ट्री रोडवर आपण भाजी आणि चितळेंची बाकरवडी घ्यायला जातो. आवाज साठवायची युक्ती जिथे निघाली त्या गावात आपण हजारोंनी राहतो, आणि आपल्या आज्यांचे आवाज फोनमधल्या कुठल्याशा फोल्डरमध्ये पडून असतात, फोन बदलला की गेले.

माझंच सांगते. २००९ च्या उन्हाळ्यात माझी आजी इथे आली होती, माण तालुक्यातली, जन्मभर जात्यावर दळलेली. मी छोटा डिजिटल रेकॉर्डर आणला आणि तिच्या ओव्या घेतल्या, ४० मिनिटं. त्या वेळी फार भारी काम केल्यासारखं वाटलं. आजी २०१३ मध्ये गेली. आता ती फाइल लावते तेव्हा कळतं की मी काय काय विचारलंच नाही. कोणती ओवी माहेरची आणि कोणती सासरची? कोणती तिच्या आईची, कोणती तिची स्वतःची? बाईमाणसाच्या गाण्याला दोन गावं असतात, एक जन्माचं आणि एक लग्नाचं, आणि मी दोन्हीपैकी एक पण लिहून ठेवलं नाही, कारण मला वाटलं आजी आपलीच आहे, तिच्याबद्दल काय लिहायचं. एका ठिकाणी ती दळणाचा शब्द म्हणते तो आमच्या घरात आज कोणालाच कळत नाही. विचारायला माणूस नाही.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं काम उभं केलं, हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या, त्यात कुठली ओवी कुठल्या गावच्या कुठल्या बाईने गायली ते नोंदवलेलं आहे. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या ४० मिनिटांची मला इतकी हळहळ वाटली की काय सांगू.

तर मागणी अशी आहे. प्रत्येक मंडळाने गणपतीच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात एक खोली बाजूला ठेवायची, स्टेजपासून लांब, एसी आणि फ्रिजची घरघर नसेल अशी. तिथे माइकसमोर उभं करून 'गा हं आजी' असं नाही करायचं, दोन-तीन आज्यांना एकत्र बसू द्या, गप्पा निघू द्या, एकीला आठवलं की दुसरीला आपोआप आठवतं. पेटी-तबला नको. फोन एअरप्लेन मोडवर टाका, रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये करा, व्हॉट्सॲपवर फिरवलेली कॉपी हीच मूळ कॉपी समजू नका कारण तिथे फाइल लहान करताना आवाजाचा दर्जा कमी होतो, आणि तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव आणि नाव तोंडाने बोलून घ्या, म्हणजे कागद हरवला तरी आवाजातच नाव राहील.

आणि कागद. याच्यासाठीच एवढं लिहिलं. आजीचं पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही गावं तालुक्यासकट, गाणं कोणाकडून ऐकलं, काय काम करताना म्हणायचे, बरोबर कोण गात होतं, आणि हे कोणाला ऐकवलं तर तिला चालेल. काही ओव्यांत सासूची, नवऱ्याची, घरातल्या भांडणाची दुखणी असतात, ती तिला बाहेर नको असतील तर नकोच, तसं लिहून ठेवायचं आणि पाळायचं. हे काम मराठी शाळेतली पोरं करू शकतात, मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलं तरी चालेल, अलायन्सच्या पोरांनी तेच केलं होतं. आणि मंडळाच्या अंकात एक पान ठेवा अर्धवट गाण्यांचं, गॉर्डनच्या सदरासारखं, ज्याला दोन ओळी येतात त्याने त्या पाठवायच्या, पुढच्या ओळी ज्याला येतील त्याने कळवायच्या. ह्यूस्टनच्या काकूंना येणाऱ्या भोंडल्याच्या गाण्याचं शेवटचं कडवं कदाचित सिॲटलच्या मावशींकडे असेल. आलेली पत्रं, ईमेल, मेसेज, जसेच्या तसे ठेवा, नीटनेटके करायच्या भानगडीत पडू नका.

सुरुवात मी करते, या पत्रापासूनच. आजीच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये २६ व्या मिनिटाला दुसऱ्या एका बाईचा आवाज येतो. आजी थांबते, आणि ती बाई सलग तीन ओव्या म्हणते, आजीपेक्षा बारीक आवाज, पण सुराला एकदम पक्की. मला एवढंच आठवतं की त्या पण मुलाकडे आलेल्या होत्या, इथल्या रूझवेल्ट पार्कच्या तळ्याजवळ बाकावर आजीची आणि त्यांची ओळख झाली, आणि त्या दिवशी आमच्याकडे चहाला आल्या होत्या, जांभळ्या काठाचं लुगडं आणि पायात पांढरे स्नीकर्स. नाव मी विचारलं नाही. एच. वायलीचं निदान आडनाव तरी आहे, या बाईंचं माझ्याकडे काहीच नाही. दुसऱ्या ओवीत भाऊ नदी ओलांडून न्यायला येतो, त्या नदीचं नाव पंख्याच्या आवाजात बुडालंय, मला कधी येरळा ऐकू येतं आणि कधी येळवंडी. येरळा असेल तर त्या सातारा-सांगलीकडच्या, येळवंडी असेल तर भोरकडच्या.

२००९ च्या जून-जुलैमध्ये तुमची आई, सासू किंवा आजी एडिसनला असेल, आणि हे वर्णन जुळत असेल, तर मंडळामार्फत मला कळवा. तीन ओव्या माझ्याकडे जपून ठेवल्यात, त्या तुम्हाला पाठवते, त्यांचं नाव तेवढं मला लिहून द्या.

आपली,
मंडळाची एक जुनी मेंबर
एडिसन, न्यू जर्सी